गुलो: आपल्यात बंद पडलेले, शेळीत चालू असलेले विकर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर हिवाळ्यात एक संदेश फिरत फिरत माझ्याकडे येतो: "शेळी रोज १३ ग्रॅम क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, मग तुमचे ८० मिलिग्रॅमवर कसे भागते?" त्याच्या मागोमाग प्रश्न सुरू होतात. बारावीच्या मुलांचे वेगळे, घरात गिनीपिग पाळणाऱ्यांचे वेगळे, कोंबड्यांच्या शेडवाल्यांचे आणखी वेगळे. उत्तरे मात्र फिरून एकाच विकराशी (एन्झाइमशी) येऊन थांबतात, म्हणून ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, भानगडीचे पुढे आहेत.

१. गुलो म्हणजे नेमके काय?

पूर्ण नाव एल-गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेझ. लाडाचे नाव गुलो. शरीरात ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, बनवण्याच्या साखळीतले हे शेवटचे विकर. उंदरात ते ४४० अमिनो आम्लांचे असते. नावाचा गुळाशी काही संबंध नाही, हे सांगावे लागते. ग्लुकोजच्या नावातली अक्षरे मागेपुढे करून एका भावंड साखरेला 'गुलोज' म्हटले गेले, आणि हे नाव त्या साखरेवरून आले.

२. साखरेचे क जीवनसत्त्व होते कसे?

पाच-सहा पायऱ्यांत. ग्लुकोजपासून ग्लुक्युरॉनिक आम्ल, त्यापासून गुलोनिक आम्ल, मग त्या रेणूचे टोक वळून स्वतःलाच चिकटते आणि गुलोनोलॅक्टोन हे कडे तयार होते. इथे गुलोचे काम येते. ते त्या कड्यातले दोन हायड्रोजन काढून घेते आणि हवेतून आलेल्या ऑक्सिजनला देते. जे उरते ते आपले आपणच थोडे सरकून अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होते. त्या शेवटच्या सरकण्याला विकर लागत नाही.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, ऑक्सिजनने दोन हायड्रोजन घेतले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. क जीवनसत्त्वाच्या प्रत्येक रेणूमागे पेरॉक्साइडचा एक रेणू. जखम धुवायला वापरतात तेच रसायन. (याचा हिशेब प्रश्न ७ मध्ये.) दुसरी, हायड्रोजन उचलायला गुलोला एफएडी नावाचा जोडीदार लागतो, आणि तो बनतो ब-२ जीवनसत्त्वापासून. म्हणजे शेळीला क बनवायचे तर आधी ब-२ हवे.

३. हे विकर शरीराच्या कोणत्या अवयवात असते?

बहुतेक सस्तन प्राण्यांत यकृतात, पेशीमधल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रुतलेले. बेडूक, सरडे, साप, कासवे यांच्यात मात्र मूत्रपिंडात. अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यांतही मूत्रपिंडातच. पक्ष्यांत दोन्ही प्रकार सापडतात (प्रश्न १२).

हा नकाशा मांडण्यात मोठा वाटा कोलकात्याच्या संशोधकांचा आहे. बी. सी. गुहा आणि त्यांच्यानंतर आय. बी. चटर्जी यांनी प्राण्यांमागून प्राणी तपासले, आणि चटर्जींनी १९७३ मध्ये त्यांची उत्क्रांतीच्या क्रमाने मांडणी केली. मूत्रपिंडाकडून यकृताकडे जाण्याचे कारण त्यांच्या मते असे: उष्ण रक्ताच्या प्राण्यांची गरज वाढली, मूत्रपिंड छोटे पडले, काम मोठ्या अवयवाकडे गेले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत या कामाला ओळभर जागाही मिळत नाही, याचे वाईट वाटते.

४. मग माणसात काय बिघडले आहे?

एकच जनुक. आधीच्या सगळ्या पायऱ्या आपल्या यकृतात आजही व्यवस्थित चालतात, आपण गुलोनिक आम्लापर्यंत रोज जातो आणि तिथून वेगळ्या वाटेला लागतो.

अमेरिकेत जे. जे. बर्न्स यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की माणूस, माकड आणि गिनीपिग या तिघांत नेमकी शेवटची पायरी गायब आहे. त्या वेळी जनुक दिसत नव्हते, नुसता परिणाम दिसत होता. जपानच्या मोरिमित्सू निशिकिमी यांच्या गटाने १९८८ मध्ये उंदराचे गुलो जनुक वेगळे केले आणि १९९४ मध्ये माणसातले त्याचे अवशेष शोधले. ते आठव्या गुणसूत्रावर आहेत. उंदराचे जनुक बारा खंडांचे. आपल्यातले अनेक खंड पडून गेलेले, उरलेल्यांत इतक्या चुका साठलेल्या की त्यावरून कोणतेही प्रथिन बनू शकत नाही. अशा जनुकाला छद्मजनुक म्हणतात. छत कोसळलेल्या वाड्याच्या जोत्यावरून इथे माजघर होते, तिथे देवघर होते एवढे ओळखू येते, तसे हे जनुक आहे.

५. साखळीतले दुसरे एखादे विकर न जाता गुलोच का गेले?

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच, आणि तो बहुतेकदा शाळकरी मुले विचारतात.

आधीच्या पायऱ्या फक्त क जीवनसत्त्वासाठी नाहीत. ग्लुक्युरॉनिक आम्ल शरीराला शंभर कामांना लागते. पित्तातला पिवळा बिलिरुबिन बाहेर टाकायचा तर यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची शेपटी जोडते. नवजात बाळाला कावीळ होते त्यामागे ही जोडणी अजून नीट सुरू झालेली नसणे हे एक मोठे कारण असते. पॅरासिटामॉलची गोळीही बरीचशी याच मार्गाने बाहेर जाते. सांध्यांतल्या कूर्चेच्या घडणीतही हेच आम्ल आहे. यातली एखादी पायरी तुटली तर तो प्राणी जगणार नाही, त्याला पिल्ले होणार नाहीत, आणि ती चूक तिथेच संपेल.

गुलोचे तसे नाही. ते एकच वस्तू बनवते. ती वस्तू रोज पानाफळांतून पोटात जात असेल तर गुलो बंद पडल्याचे प्राण्याला कळतही नाही. चूक पिल्लांत जाते, त्यांच्या पिल्लांत जाते. म्हणूनच वानरांचे पूर्वज, गिनीपिग, वटवाघळे, मासे, काही पक्षी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या घराण्यांत हा प्रकार स्वतंत्रपणे घडला, आणि प्रत्येक वेळी हेच एक जनुक गेले.

६. आपल्या पूर्वजांत हे कधी घडले?

अंदाजे ६ कोटी वर्षांपूर्वी. हा काळ जनुकांतल्या चुकांच्या संख्येवरून काढला जातो, म्हणून तारीख म्हणून धरू नये. खात्रीची गोष्ट वेगळी आहे: मादागास्करचे लेमूर आणि दक्षिण भारतातले लोरिस यांच्यात गुलो चालू आहे, टार्सियर (मोठ्या डोळ्यांचे, माकडांचे छोटे नातेवाईक), माकडे, चिंपांझीसारखे वानर आणि माणूस यांच्यात बंद. म्हणजे या दोन शाखा वेगळ्या झाल्यानंतर, पण टार्सियर आपल्यापासून फुटण्याआधी ते गेले. देवळाच्या पायरीवर बसलेल्या हनुमान लंगुरालाही क जीवनसत्त्व पानांतूनच घ्यावे लागते. गिनीपिगांच्या घराण्यात हे बरेच उशिरा, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी घडले असावे.

७. गुलो जाण्याचा काही फायदाही झाला का?

झाला असावा, असे म्हणणारे आहेत. पेरॉक्साइडचा मुद्दा प्रश्न २ मध्ये आलाच: क जीवनसत्त्व शरीराला ऑक्सिडीकरणापासून वाचवते, पण ते घरी बनवताना यकृतातच ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ तयार होतो. आयते मिळत असेल तर ही कटकट कशाला? दुसरा दावा असा की पुढे वानरांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढले आणि त्याने क जीवनसत्त्वाचे काही काम उचलले. पण मासे आणि वटवाघळांना तो लावता येत नाही, म्हणून मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो.

त्यापेक्षा भक्कम गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. आपल्या तांबड्या पेशी वापरून झालेले, ऑक्सिडीकृत क जीवनसत्त्व मोठ्या वेगाने आत ओढून पुन्हा कामाचे करतात. जे प्राणी स्वतः क बनवतात त्यांच्या तांबड्या पेशींत ही सोय दिसत नाही. उत्पादन थांबल्यावर आपण काटकसर शिकलो, असा त्याचा अर्थ.

माझे मत विचाराल तर गुलो जाणे ही ना शिक्षा, ना बक्षीस. वापरात नसलेली खोली पडली, एवढेच.

८. गुलो नाही म्हणून स्कर्व्ही होते का?

गुलो नाही आणि आहारात क जीवनसत्त्वही नाही, तेव्हा होते. आहारात क अजिबातच नसेल तर एक ते तीन महिन्यांत. कोलॅजेन या प्रथिनाचे धागे घट्ट विणायला क लागते. ते नसले की हिरड्या सुजतात, रक्त येते, जुन्या जखमा उकलतात. रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास मिळाले तरी हे टळते. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड यांनी १२ आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यांत संत्री-लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने बरे झाले. जहाजावरच्या उंदरांना ती पीडा नव्हती; त्यांचे यकृत त्यांना पुरवत होते.

९. प्रयोगांत नेहमी गिनीपिगच का असतो?

नशिबाने. १९०७ मध्ये नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा) शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगांना फक्त धान्यावर ठेवले. बेरीबेरी झाली नाही, झाली स्कर्व्ही. त्यांनी उंदीर घेतले असते तर काहीच दिसले नसते, कारण उंदरात गुलो आहे. पुढे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळे केलेले 'हेक्झुरॉनिक आम्ल' म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये ठरले तेही गिनीपिगांवरच. १९३७ चे नोबेल त्यांना मिळाले.

१०. घरी गिनीपिग आहे. ससा खातो तेच खाद्य चालेल का?

नाही. ही चूक फार होते. सशाचे यकृत क बनवते, गिनीपिगाचे नाही, आणि सशाच्या गोळीखाद्यात ते घातलेले नसते. गिनीपिगाला वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागते. गाभण मादीला वरच्या टोकाला. त्याच्यासाठीचे खास खाद्य घेतले तरी पाकीट उघडून महिनेच्या महिने ठेवू नका, उष्णतेने आणि हवेने क जीवनसत्त्व मरते. पाण्यात थेंब टाकून ठेवणेही तसेच निरुपयोगी. रोज सिमला मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर, हा सरळ उपाय. चालताना लंगडू लागला, हात लावला की ओरडू लागला तर पशुवैद्याकडे न्या.

कुत्रा, मांजर, गाय, घोडा, उंदीर यांना ही काळजी नाही. त्यांचे गुलो चालू आहे.

११. शेळी खरेच रोज १३ ग्रॅम बनवते का? मग आपणही तेवढे घ्यावे का?

आधी आकडा पाहू. यकृताच्या ऊतीला प्रयोगशाळेत भरपूर कच्चा माल देऊन ती किती वेगाने क बनवते हे मोजले गेले, आणि शेळीसाठी वरचा आकडा वजनाच्या किलोमागे रोज १९० मिलिग्रॅम इतका आला. त्याला ७० ने गुणा: १३.३ ग्रॅम. पण ७० किलो हे माणसाचे वजन आहे. आपली उस्मानाबादी शेळी भरते ३०-३५ किलो. शिवाय ही मोजणी कमाल क्षमतेची. गोठ्यातली शेळी दिवसभर त्या वेगाने बनवत असते असे नाही.

आता दुसरा भाग. शेळीचे क यकृतातून हळूहळू रक्तात झिरपते. आपण गोळी गिळतो तेव्हा ते आतड्यातून जावे लागते, आणि तिथली दारे मोजकीच आहेत. २०० मिलिग्रॅमपर्यंत जवळजवळ सगळे शोषले जाते, पुढे प्रमाण घसरत जाते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातली क ची जागा भरते आणि जास्तीचे क मूत्रपिंड बाहेर टाकते. ग्रॅमच्या ग्रॅम घेणाऱ्याला जुलाब होतात. ज्यांच्यात मुतखडे होण्याची प्रवृत्ती आहे त्यांना धोका वाढतो, कारण क चे शेवटी ऑक्झलेट होते, आणि बहुतेक खडे त्याचेच बनतात.

"प्राणी ग्रॅमने बनवतात, म्हणून माणसानेही ग्रॅमने घ्यावे" हा युक्तिवाद लायनस पॉलिंग यांनी १९७० नंतर लोकप्रिय केला. दोन नोबेल मिळवलेला माणूस, म्हणून लोकांनी ऐकले. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा: रोज गोळी घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांत तिचा काळ साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. सहा दिवसांची सर्दी साडेपाच दिवसांची.

भारतीय शिफारस (आयसीएमआर, २०२०) पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम अशी आहे. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास क असते. हिशेब तुम्हीच करा.

१२. पक्ष्यांचे काय? आणि उन्हाळ्यात कोंबड्यांना क का देतात?

कोंबडी, बदक, कबूतर स्वतः क बनवतात, मूत्रपिंडात. झाडावर बसणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांत मात्र गोंधळ आहे: कोणात यकृतात, कोणात दोन्हीकडे, कोणात कुठेच नाही. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल या शेवटच्या गटातला. १९५८ मध्ये रॉय आणि गुहा यांनी बुलबुलांत प्रयोगाने स्कर्व्ही घडवून दाखवली. फळे, पाकळ्या, किडे यांवर जगणाऱ्या पाखराला निसर्गात त्याची वेळ येत नाही, ही गोष्ट वेगळी.

शेडमधल्या कोंबडीचे गुलो बिघडलेले नसते. एप्रिल-मेच्या उन्हात पक्ष्याच्या शरीरात क चा खप वाढतो आणि स्वतःचे उत्पादन अपुरे पडते, म्हणून पाण्यातून क देतात. तो वरखर्च आहे, रोजची गरज नव्हे. पाणी सकाळी ताजे कालवावे, टाकीत रात्रभर ठेवू नये. कारण प्रश्न १० मधलेच.

१३. सगळ्या वटवाघळांत गुलो बंद आहे ना?

मीही वर्गात वर्षानुवर्षे "हो" म्हणत आलो. १९७६ च्या तपासणीत कोणत्याच वटवाघळात गुलोचे काम दिसले नव्हते, आणि तेच पुस्तकांत छापले गेले. २०११ मध्ये जनुके वाचली तेव्हा निराळे निघाले: काही जातींत जनुक शाबूत आहे आणि यकृतात थोडे विकरही बनते. त्यांतले एक, लेशनॉल्टचे फळवटवाघूळ, आपल्याकडच्या गुहांत आणि पडक्या किल्ल्यांत राहते. बाकीच्या जातींत ते कमीअधिक मोडलेले. म्हणजे वटवाघळांत गुलो जाण्याची गोष्ट अजून चालू आहे.

१४. मासे?

शार्क, स्टर्जन, फुप्फुसमासे यांच्यात मूत्रपिंडात गुलो आहे. पण आपण खातो ते बहुतेक काटेरी मासे ज्या मोठ्या घराण्यातले, त्या घराण्यात ते सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच गेले. म्हणून मत्स्यखाद्यात क घालावे लागते, तेही पाण्यात टिकेल अशा फॉस्फेट रूपात. नाही घातले तर पिल्लांचा कणा वाकडा होतो.

१५. आवळ्यात एवढे क असते, म्हणजे त्याच्यात गुलो जोरात चालते का?

आवळ्यात गुलो नाहीच. झाडे वेगळ्या वाटेने जातात: मॅनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांवरून गॅलॅक्टोनोलॅक्टोनपर्यंत, आणि शेवटची पायरी करते गॅलॅक्टोनोलॅक्टोन डिहायड्रोजनेज. हा मार्ग १९९८ मध्ये स्पष्ट झाला. हे विकर गुलोच्या घराण्यातलेच, पण ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) बसते आणि हायड्रोजनबरोबरचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला न देता सायटोक्रोम-सी या प्रथिनाला देते. त्यामुळे पेरॉक्साइड होत नाही. उन्हात उभ्या पानात आधीच पेरॉक्साइडची कमी नसते, त्यामुळे झाडाला हे सोयीचे. यीस्टमध्ये तिसरा भाऊबंद आहे, तो क सारखाच पण एका कार्बनने कमी असा पदार्थ बनवतो.

१६. बाजारातली क ची गोळी या विकराने बनते का?

नाही. ताडेउश राइखश्टाइन यांनी १९३३ मध्ये ग्लुकोजपासून क बनवण्याची पद्धत काढली. तिच्यातली एक पायरी जिवाणू करतात, बाकी रसायने. आज जगातला बहुतेक माल चीनमध्ये दोन टप्प्यांच्या किण्वनाने तयार होतो. 'नैसर्गिक' लिहिलेल्या आणि साध्या गोळीतला अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा रेणू एकच. जास्तीचे पैसे डबीचे.

१७. एस्किमो फळे खात नव्हते. त्यांच्यात गुलो चालू असेल का?

नाही. जगातल्या सर्व माणसांत तेच मोडके जनुक आहे, म्हणून 'माझे गुलो तपासून द्या' या मागणीलाही अर्थ नाही. आर्क्टिकमधले इनुइट लोक सीलचे यकृत आणि व्हेलची कातडी कच्ची खात. सीलचे गुलो चालू, त्याच्या यकृतात क भरपूर, आणि न शिजवल्याने ते टिकते. थोडक्यात, त्यांनी दुसऱ्याच्या गुलोवर भागवले.

१८. जनुक परत बसवता येईल का?

पेशीत येते. २००४ मध्ये उंदराचे गुलो विषाणूच्या मदतीने माणसाच्या पेशींत घातले गेले आणि त्या पेशी क बनवू लागल्या. म्हणजे बाकीची साखळी शाबूत आहे (प्रश्न ४) याचा थेट पुरावा मिळाला. जिवंत माणसात हे करण्याचे कारण मात्र दिसत नाही. पेरूसाठी जनुकोपचार कोण करून घेईल?

१९. भरपूर क घेणे कोणाला खरोखर घातक?

मुतखड्याचे वर आलेच. त्याहून गंभीर म्हणजे जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता. अशा माणसाला शिरेतून क चा मोठा डोस दिला तर तांबड्या पेशी फुटतात. इथे क स्वतःच पेरॉक्साइड तयार करवते आणि पेशीकडे ते निस्तरायची ताकद नसते. डोस देण्याआधी ही चाचणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

२०. ज्या प्राण्यात गुलो असते त्यालाही स्कर्व्ही होऊ शकते का?

जातीत असते, पण एखाद्या वंशात बिघडलेले असू शकते. जपानमधल्या एका प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांची हाडे वाकडी होऊ लागली. तपासल्यावर गुलोमधले ६१ वे अमिनो आम्ल बदललेले निघाले, बाकी ४३९ जागच्या जागी. डेन्मार्कच्या डुकरांच्या एका वंशात जनुकाचा आठवा खंड गळालेला सापडला. २००० मध्ये अमेरिकेत मुद्दाम गुलो काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. पाण्यातून क मिळत असते तोवर ते ठणठणीत असतात, ते थांबवले की काही आठवड्यांत आजारी पडतात. माणसाच्या आजारांवरच्या संशोधनात आता गिनीपिगाच्या जोडीला तेही वापरतात.